वादळांचे रडार-संशोधन

टॉर्नेडो, गारपीट आणि विजांच्या कडकडाटासह येणारी वादळे यांच्या पोटात काय चालले आहे, हे हवामान रडारने शोधणारी वातावरणविज्ञानाची शाखा. तिचा पाया अमेरिकेच्या सपाट मैदानी प्रदेशात घातला गेला. मुंबईला टॉर्नेडोची धास्ती जवळजवळ नाहीच. तरीही कुलाब्याच्या रडारवर वळवाचा ढग वाचताना ज्या खुणा शोधतात, त्यांतल्या बऱ्याचशा टॉर्नेडोच्या मागे लागलेल्या माणसांनीच शोधलेल्या आहेत.

आधी शब्दांचा घोळ. मराठी बातम्यांत टॉर्नेडोला सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात, ते चूक आहे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि दिवसचे दिवस टिकते. टॉर्नेडो म्हणजे एकाच गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा. रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य मिनिटांचे. ‘घूर्णवाती वादळ’ हा पारिभाषिक शब्द आहे खरा, पण तो कोणाच्या तोंडी बसला नाही. भर उन्हात मैदानात उठणारी वावटळ तिसरीच, तिला ढग लागतच नाही.

रडार सूक्ष्मलहरींचे स्पंद सोडते आणि थेंबांवरून, गारांवरून परत आलेला प्रतिध्वनी मोजते. त्याची तीव्रता डीबीझेड या एककात सांगतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, की प्रतिध्वनी चौसष्ट पट होतो. त्यामुळे मोठे थेंब आणि गारा चित्रात लालभडक दिसतात. डॉपलर रडार याशिवाय परतलेल्या लहरीतला बदल पाहून थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत, आणि किती वेगाने, हे सांगते.

९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉयमध्ये पाऊस मोजण्यासाठी उभारलेल्या एका रडारच्या पडद्यावर ढगाच्या कडेला मासे धरायच्या गळासारखा वळलेला प्रतिध्वनी उमटला. त्याच वेळी तिथे टॉर्नेडो चालू होता. शोधायला गेले पाऊस आणि हाती लागला ‘हुक एको’. पुढे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ कीथ ब्राउनिंग यांनी स्वतःभोवती फिरत राहणाऱ्या अशा प्रचंड ढगाला ‘सुपरसेल’ हे नाव दिले. ओक्लाहोमातील नॉर्मन येथे १९६४ मध्ये राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा स्थापन झाली. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटीच्या टॉर्नेडोत तिच्या डॉपलर रडारला भोवऱ्याची खूण, तो जमिनीला टेकण्याआधीच, वर ढगात सापडली. सगळ्या देशात डॉपलर रडारांचे जाळे हवे, या मागणीला त्यामुळे आधार मिळाला. आज अमेरिकेत अशी सुमारे १६० रडारे आहेत. ट्रकवर बसवून वादळाजवळ नेता येणारी रडारे १९९५ पासून आली. त्यांतल्या एकाने ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वारा मोजला.

मुंबईच्या दृष्टीने मात्र जपानी-अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांचे काम अधिक मोलाचे. टॉर्नेडोची तीव्रताश्रेणी त्यांच्या नावाने चालते, म्हणून ते प्रसिद्ध. पण १९७४ च्या अमेरिकेतील टॉर्नेडोंनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी झाडे गोल न पडता एका बिंदूपासून चहूकडे पसरून आडवी झालेली दिसली. असेच चित्र त्यांनी अणुबाँबनंतरच्या जपानमध्ये पाहिले होते. ढगातून थंड, जड हवेचा लोंढा खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून फाकतो, हा ‘डाउनबर्स्ट’ त्यांनी मांडला. पाऊस कोरड्या हवेतून पडताना त्याचे बाष्पीभवन होते, हवा गार होते, जड होते आणि पडते. मे महिन्यातल्या वळवात हेच घडते.

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. होर्डिंग का पडले हा वेगळा प्रश्न आहे. वारा मात्र टॉर्नेडोचा नव्हता, गडगडाटी ढगाखालून सुटलेला होता. अशा वाऱ्याची आघाडी कधी कधी रडारवर लाल डागाच्या पुढे सरकणाऱ्या एका फिकट, बारीक कमानीसारखी दिसते. तिथे पाऊस नसतो. असते ती धूळ आणि वाऱ्याने एका रेषेत गोळा केलेले किडे.

मुंबईला रडारची गरज किती, हे २६ जुलै २००५ ने दाखवले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३. त्या दिवशी शहराकडे डॉपलर रडार नव्हते. नंतर कुलाब्याला दहा सेंटिमीटर लहरीचे एस-बँड रडार आले आणि जानेवारी २०२२ मध्ये जोगेश्वरीजवळ वेरावलीला पाच सेंटिमीटर लहरीचे सी-बँड.

दोन रडारे एकाच ढगाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहतात, तेव्हा वाऱ्याची खरी दिशा काढता येते. एकटे रडार फक्त स्वतःकडे येणारा किंवा स्वतःपासून दूर जाणारा वेग ओळखते. बोरिवली कुलाब्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, त्यामुळे बोरिवलीवर पूर्वेकडून घोंघावत आलेला वारा कुलाब्याच्या रडारला शून्य दिसतो. वेरावलीही त्याच रेषेत, म्हणजे तिथे तिची फारशी मदत नाही. पनवेलच्या बाजूला मात्र दोन्ही रडारांच्या नजरा चांगल्या छेदतात. घाटाकडून कर्जत-बदलापूरमार्गे येणारे वळवाचे ढग पाहायला ही जोडी उपयोगी आहे.

पृथ्वीची गोलाई आणखी एक अडचण करते. रडारची शलाका, म्हणजे त्याने सोडलेला लहरींचा झोत, अर्धा अंश वर धरली, तर शंभर किलोमीटरवर ती जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असते. त्याखाली काय चालले आहे ते तिला कळत नाही, आणि माणसे तर त्याखालीच राहतात.

पावसाळ्यात चित्र पार बदलते. कोकण किनाऱ्यावरचे पुष्कळसे मोसमी ढग बुटके असतात. त्यांचे माथे बर्फाच्या उंचीला पोहोचतच नाहीत. लहान थेंब अफाट संख्येने पडतात. चौसष्ट पटीच्या हिशेबामुळे असा पाऊस रडारवर सौम्य, पिवळा-हिरवा दिसतो आणि खाली दादरचा सखल हिंदमाता भाग तुंबलेला असतो. प्रतिध्वनीवरून पाऊस काढण्याची, उंच गडगडाटी ढगांसाठी बसवलेली सूत्रे इथे कमी पाऊस दाखवतात. म्हणून रडारचा आकडा शहरभर विखुरलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांशी ताडून घ्यावा लागतो, आणि जून ते सप्टेंबरसाठी वेगळी सूत्रे लागतात.