रॉसेंडेल व डार्वेन मतदारसंघ

इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशर परगण्यातला, ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सचा एक मतदारसंघ. रॉसेंडेल आणि डार्वेन हे 1885 पासूनचे दोन वेगळे मतदारसंघ 1983 मध्ये मोडून तो बनवला. नावातला ‘व’ तसा फसवाच. पेनाइन डोंगरांच्या पश्चिम उतारावरची ही दोन खोरी एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. रॉसेंडेलमधली अर्वेल नदी दक्षिणेला मँचेस्टरकडे जाते, तर डार्वेन नदी उत्तरेला ब्लॅकबर्नकडे. मध्ये दलदलीचे, वाऱ्यापावसाचे उघडे माळ. कारभारही वेगळा: रॉसेंडेल हा लँकेशरमधला स्वतंत्र जिल्हा, डार्वेनची नगरपालिका ब्लॅकबर्नशी जोडलेली. बेकप, रॉटनस्टॉल, व्हिटवर्थ आणि डार्वेन ही इथली मुख्य गावे. डार्वेनचे लोक मात्र आपल्या गावाला ‘डॅरन’ म्हणतात.

दोन्हीकडे समान होते ते कापड. रॉसेंडेलमध्ये आधी लोकरीचे काम चाले. हेल्मशोर येथे अठराव्या शतकाच्या अखेरची, लोकरी कापड घट्ट करणारी पाणचक्की आज संग्रहालय म्हणून उभी आहे. इथले हातमागवाले फावल्या वेळात भजनांच्या चाली बांधत. डीन खोऱ्यातल्या अशा विणकर गायकांना लोक ‘डीनचे चंडोल’ म्हणत. यंत्रमाग आल्यावर त्यांची मजुरी कोसळली. एप्रिल 1826 मध्ये उपाशी विणकरांनी पूर्व लँकेशरभर फिरून हजाराहून अधिक यंत्रमाग फोडले. एडनफील्डजवळच्या चॅटरटन येथे सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या आणि सहा जण ठार झाले. माग फुटले, पण गिरण्या थांबल्या नाहीत. शतक संपेपर्यंत दोन्ही खोऱ्यांत चिमण्यांची रांग लागली होती.

त्यातली सर्वांत उंच चिमणी डार्वेनच्या ‘इंडिया मिल’ची. 303 फुटांची, इटलीतल्या घंटाघराच्या धर्तीची ही चिमणी 1867 मध्ये पूर्ण झाली आणि आजही गावावर पहारा देते. तिच्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861–65) कापूस मिळेनासा होऊन लँकेशरवर बेकारी ओढवली होती. पर्याय म्हणून हिंदुस्थानातून आखूड धाग्याचा कापूस येऊ लागला. तो कुठल्याही भागातला असो, इथे त्याचे नाव एकच, ‘सुरत’. धागा सारखा तुटायचा आणि मजुरी नगावर असल्याने पैसे घटायचे, त्यामुळे हा शब्दच शिवीसारखा वापरला जाई. त्याच कापसावर मुंबईत तेव्हा सट्ट्याची लाट आली होती. डार्वेनला कापडाखेरीज दुसराही उद्योग होता: यंत्रावर छापलेला भिंतीचा कागद. त्याचे एकस्व (पेटंट) इथल्या पॉटर कुटुंबाने 1839 मध्ये घेतले.

भारतीय वाचकाला हा मुलूख ओळखीचा वाटतो तो सप्टेंबर 1931 मुळे. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी डार्वेनच्या स्प्रिंगव्हेल भागात येऊन राहिले. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने इथल्या गिरण्या बंद पडत होत्या. याच बहिष्कारात गिरणी कामगार बाबू गेनू यांना मुंबईत लॉरीखाली येऊन मरण आले होते, त्याला वर्षही झाले नव्हते. गांधीजींना इथे बोलावणारे होते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे गिरणी मालक डेव्हिस. बेकार कामगारांकडून विरोधाची धास्ती होती. प्रत्यक्षात ग्रीनफील्ड गिरणीच्या बायकांनी त्यांना गराडा घातला आणि जयघोष केला. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगभर गाजले. गांधीजींनी हातचे काही राखून बोलणे टाळले: तुमची बेकारी मला दिसते, पण हिंदुस्थानातली उपासमार तिच्याहून कितीतरी मोठी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बहिष्कार उठला नाही. बहिष्काराखेरीज जपानची स्पर्धा आणि भारतात वाढलेल्या गिरण्या हीही लँकेशरच्या ऱ्हासाची कारणे होती. त्या वेळी डार्वेनचे खासदार होते उदारमतवादी नेते हर्बर्ट सॅम्युएल, आणि तेच तेव्हा ब्रिटनचे गृहमंत्रीही होते.

राजकारणात हा मुलूख कोणाचीच जहागीर नाही. 1880 ते 1882 मध्ये भारतमंत्री असलेले लॉर्ड हार्टिंग्टन 1885 पासून रॉसेंडेलचे खासदार होते. आयर्लंडच्या स्वराज्यावरून त्यांनी उदारमतवादी पंतप्रधान ग्लॅडस्टनशी फारकत घेतली तरी 1886 मध्ये मतदार त्यांच्या मागे राहिले. वरिष्ठ सभागृहात गेल्यावर मात्र 1892 च्या पोटनिवडणुकीत ग्लॅडस्टनच्या बाजूचे जॉन मेडन निवडून आले. डार्वेनमध्ये 1943 च्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाचे स्टॅन्ली प्रेस्कॉट अवघ्या 70 मतांनी वाचले. 1983 नंतर हुजूर पक्षाचे डेव्हिड ट्रिपिअर खासदार होते. 1992 मध्ये ते मंत्रिपदी असताना मजूर पक्षाच्या जॅनेट अँडरसन यांनी त्यांना 120 मतांनी पाडले, तेही देशभर हुजूर पक्ष जिंकत असताना. 2010 पासून जेक बेरी खासदार होते. पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या अल्पजीवी कारकिर्दीत ते हुजूर पक्षाचे अध्यक्ष होते. 2024 मध्ये मजूर पक्षाचे अँडी मॅकने यांनी त्यांना हरवले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या 2016 च्या सार्वमतात दोन्ही भागांनी ‘बाहेर’च्या बाजूने कौल दिला होता.

गिरण्यांच्या जागी आता छोटे उद्योग, सदनिका आणि मँचेस्टरला रोज ये-जा करणारे नोकरदार आहेत. रॉसेंडेलमधली नियमित रेल्वे कधीच बंद झाली. बेकपची गाडी 1966 मध्ये थांबली, रॉटनस्टॉलची 1972 मध्ये. 1991 पासून तिथे हौशी मंडळींची वाफेची गाडी धावते. नोकरीवर जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. जुन्या धंद्यांपैकी फेल्टच्या सपाता बनवण्याचा व्यवसाय वॉटरफूटच्या आसपास दीर्घकाळ टिकला. बेकपला ईस्टरच्या शनिवारी ‘कोकोनट’ नर्तकांची मिरवणूक निघते. हातांना, गुडघ्यांना आणि कमरेला बांधलेल्या लाकडी चकत्या ठेक्यावर आपटत ही मंडळी गावभर नाचतात. चेहऱ्याला काळा रंग फासण्याच्या त्यांच्या प्रथेवरून वाद पेटला, तेव्हा 2020 मध्ये ते मॉरिस (इंग्लिश लोकनृत्य) नर्तकांच्या संयुक्त संघटनेतून बाहेर पडले, पण रंग मात्र सोडला नाही.