गोवर्धनचा जुना मुक्काम

नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धन नावाचे गाव लागते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या या बाजूला वळतात. कुणाला धरणाच्या पाण्यात बोटीत बसायचे असते, कुणाला द्राक्षबागेत रात्र काढायची असते. गावाच्या पाटीकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. पण नाशिक परिसरात बाहेरून आलेल्या माणसाच्या राहण्याची सोय केल्याची एक फार जुनी लेखी नोंद आहे आणि तिच्यात याच गोवर्धनचे नाव कोरलेले आहे.

ही नोंद पांडवलेण्यांत आहे. नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची यादी आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा लेख. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा. या चार ठिकाणी त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली. बागा, तळी, विहिरी केल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. सोपाऱ्याच्या बंदरातून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटेवर गोवर्धन हा मोठा टप्पा होता, म्हणून त्याचे नाव भडोच आणि सोपाऱ्याच्या पंक्तीत आले.

त्याच लेण्यातला दुसरा लेख मला त्याहून जास्त आवडतो. उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. त्यांतले २००० महिना शेकडा एक दराने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, द्यायचे. हिशेब करून पाहा: २००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे दोनशे चाळीस. पै न पै जुळते. पावसाळ्यात वाटा बंद होत, म्हणून भिक्षू एका जागी थांबत. आणि त्यांचा खर्च गावातल्या मागांवर चालणाऱ्या धंद्यातून निघे. पाहुण्याचा मुक्काम गावाच्या रोजच्या कामावर उभा असणे ही नाशिकची रीत तेव्हापासूनची आहे. ती पुढे अनेकदा दिसते.

गोदावरीने या मुक्कामाला धर्माचे कारण दिले. गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी सिंहस्थ, शिवाय वर्षभर श्राद्ध, अस्थिविसर्जन, नारायण नागबळी. आज जुन्या नाशकात जे पाहायला लोक येतात, त्यातले बरेचसे पेशवाईतले बांधकाम आहे. नारोशंकराचे मंदिर १७४७चे. त्याच्यावरची मोठी घंटा पोर्तुगिजांकडून वसई घेतल्यानंतरची. त्र्यंबकेश्वरचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतले आणि ते पुरे व्हायला तीस-एक वर्षे लागली. काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारले. याच काळात राघोबादादांचा मुक्काम गोदेकाठच्या चावंडस गावी असे. त्या गावाला आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली म्हणू लागले, आणि गंगापूर रस्त्याने जाताना तेही वाटेतच लागते.

या यात्रेकरूंची राहण्या-जेवणाची सोय कोण करी? तीर्थोपाध्याय. प्रत्येक घराण्याकडे ठरावीक गावांचे, ठरावीक आडनावांचे यजमान. यजमान आला की उपाध्यायांच्याच वाड्यात उतरायचा, त्यांच्याच घरी जेवायचा. निघताना वहीत आपले नाव, गाव, बरोबर आलेल्यांची नावे, मुलाबाळांची नावे लिहून जायचा. या वह्या म्हणजे नामावळी. नाशिकला आणि त्र्यंबकला त्या अजून जपलेल्या आहेत, जुनी पाने मोडीत आहेत. आपले गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी बासन सोडतात, आणि कधी कधी पणजोबांच्या हातची ओळ समोर येते. नाशिकला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करायला सांगेन. देवळे बघून डोळे भरतात, पण त्या ओळीवर बोट ठेवताना माणूस गप्प होतो.

मात्र हा पाहुणचार सगळ्यांसाठी नव्हता, आणि ही गोष्ट नाशिकच्या इतिहासातून गाळता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे चालवला. पाच वर्षे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तिथे आज मुक्तिभूमी आहे. येवल्याला पैठणी घ्यायला जाणाऱ्याने मागाच्या खटखटीबरोबर तीही पाहून यावी. काळारामाच्या पूर्व दरवाजासमोर उभे राहणाऱ्यालाही हे ठाऊक असायला हवे.

आज ज्याला आपण ट्रेकिंग म्हणतो, त्याचे नाशिकमधले मूळही यात्रेतच सापडते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. लाखावर लोक रात्रीपासून चालू लागतात, बरेचसे अनवाणी, पावसात, चिखलात. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत आपल्या मुलांना घेऊन याच प्रदक्षिणेला निघाले होते. वाटेत वाघ आडवा आला, पळापळ झाली, निवृत्तिनाथ एका गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथ गुरू म्हणून भेटले. वारकरी संप्रदायातली इतकी मोठी घटना डोंगरवाटेवरच्या चुकामुकीतून घडली! निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकलाच आहे, आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात. सप्तशृंगगडावर चैत्रात खानदेशातून पायी येणारे लोकही असेच. वणीच्या गडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली चढते, तरी पायऱ्यांची वर्दळ कमी झालेली नाही.

किल्ल्यांचे तसे नाही. तिथे शिबंदी राहायची, पाहुण्यांचे काही काम नव्हते. रामशेजने संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना काही वर्षे झुंजवले. साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथले किल्ले एकामागून एक घेतले आणि ते पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून अनेकांच्या वाटा मोडल्या. हरिहरच्या उभ्या कातळातल्या पायऱ्या मात्र राहिल्या, आणि त्याच पायऱ्यांसाठी आज लोक दुरून येतात. पावसाळी रविवारी तिथे वर जाणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची एकाच खोबणीत कोंडी होते. कृपा करून मधल्या वारी जा. साल्हेर १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत तोही आहे.

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईहून येणाऱ्यांचे दिवसांचे अंतर तासांवर आले. स्टेशन गावापासून लांब, म्हणून मध्ये काही दशके ट्रामही होती, घोडे ओढत ती. आता धर्माच्या जोडीला हवा हे कारण आले. देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मायदेशी परतणारे सोल्जर बोटीची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. त्या कंटाळ्यातून वेड लागलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रुळला. त्याच देवळालीत कोरड्या हवेसाठी पारशी आणि गुजराती मंडळींची आरोग्यधामे झाली. मुंबईची कुटुंबे महिना-महिना येऊन राहत. काही न करता नुसते राहायला येणे नाशिकला इथून ठाऊक झाले. इगतपुरीला १९७६ पासून सत्यनारायण गोएंकांच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांची मौन शिबिरे होतात. घाटमाथ्यावरच्या पावसात गप्प बसून राहायचे म्हटले की मला त्रिरश्मीवरचे ते वीस भिक्षू आठवतात.

पक्ष्यांची गोष्ट पाटबंधाऱ्यांपासून सुरू होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर १९०७ ते १९१३ या काळात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. हेतू एकच, कालव्याने शेतीला पाणी. पण बंधारा उथळ, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडले की बरोबर गाळ येणार. तो साचत गेला, त्यावर बेटे झाली, पाणगवत वाढले, दलदल झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबी गाळ म्हणजे नुकसानच. बदकांना, करकोच्यांना, रोहित पक्ष्यांना मात्र नेमके हेच हवे होते. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तिथले दिवस. चापडगावच्या बाजूने उजाडायच्या आत पोहोचावे, आणि वाट दाखवायला तिथलाच माणूस घ्यावा. कोणता पक्षी कुठल्या बेटावर उतरतो हे त्याला आपल्या वावराइतके माहीत असते.

कालव्यांनी आणि विहिरींनी निफाड-दिंडोरीत द्राक्षे रुजवली. १९२५च्या सुमारास ओझरला रावसाहेब गायकवाडांनी द्राक्षाची लागवड केली, असे मानतात. पुढची सत्तर वर्षे ही द्राक्षे खायची होती, निर्यातीची होती, बागेत पाहुण्याचे काही काम नव्हते. खायचे आणि वाइनचे द्राक्ष वेगळे असते. वाइनचे मणी लहान, साल जाड, बिया असलेले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुला कंपनीने वाइनच्या जाती लावल्या आणि २०००च्या आसपास पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेसाठी धोरण आखले आणि दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे वाइनरी वाढल्या. मग चव घेण्याची दालने, बागेत राहायच्या खोल्या, संध्याकाळचे गाणे-बजावणे. सुलाची ती बाग गोवर्धनलाच आहे. उषवदाताने विश्रामगृह बांधले त्या गावात पुन्हा दूरदेशीची माणसे मुक्कामाला येऊ लागली.

या बागांकडे जाणाऱ्यांना द्राक्षाचे वर्ष माहीत नसते, म्हणून थोडे थांबून सांगतो. वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. काढणी जानेवारी ते मार्च-एप्रिल. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत घड बघायच्या आशेने आलेले पाहुणे कोवळी फूट बघून परततात. त्याच दिवसांत अवकाळी आला तर डावणी आणि गळकुज या रोगांनी बाग हातची जाते, आणि शेतकरी रात्री-अपरात्री फवारणीचा ट्रॅक्टर काढतो. खोलीच्या खिडकीतून तो आवाज ऐकू आला तर तक्रार करू नये. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. तेव्हापासून शेतावर राहायला बोलावणारे वाढले आहेत, आणि चुलीवरची मिसळ देणारी मळ्यातली ठिकाणे तर विचारू नका.

काही गोष्टी मात्र अजून फक्त गावकऱ्यांच्या आहेत, आणि पाहुण्यांना तिथे शेजारी म्हणून जागा मिळते. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर तो माती-फळ्यांनी झाकलेला, वरून रहदारी चालू. त्या दिवशी उकरून, पूजा करून, रंगाने भरतात, आणि वरून धप्पकन उडी मारतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो, लाकडी मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात. त्याला तिकीट नसते, वेळापत्रकही नसते. पाड्यावर कुणी ओळखीचे असेल तर निरोप येतो.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. आता पुढचा सिंहस्थ आहे. त्र्यंबक आणि रामकुंडावर ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण होईल असे जाहीर झाले आहे. रस्ते खोदले जात आहेत, घाट वाढवले जात आहेत. त्या दिवशी इकडे उशिरा छाटलेल्या बागांत गोडी छाटणीची फूट नुकती बाहेर पडत असेल.