रनिंग बॅक : घटत्या भूमिकेचे मूल्यमापन

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅककडून (आक्रमण चालविणाऱ्या व पास फेकणाऱ्या खेळाडूकडून) हातोहात चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढणाऱ्या खेळाडूस रनिंग बॅक म्हणतात. संघाच्या आक्रमणाचा भार वाहणाऱ्या अशा खेळाडूकडे चेंडू कमी वेळा येऊ लागला, मोक्याच्या क्षणी त्याच्या जागी दुसरा उतरू लागला, म्हणजे त्याची भूमिका घटली असे समजतात. ही घट त्याच्या ओसरत्या कुवतीमुळे आहे, बदललेल्या डावपेचांमुळे आहे, की केवळ त्याच्या करारावरील खर्चामुळे, याचा निवाडा करणे हा या मूल्यमापनाचा गाभा होय. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेतील व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगपुरती आहे.

फळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या क्वार्टरबॅक, हाफबॅक व फुलबॅक या नावांतील ‘क्वार्टर’, ‘हाफ’ व ‘फुल’ ही विशेषणे रग्बीच्या परिभाषेतून आली व ती फळीपासूनचे अंतर दर्शवितात, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेत १८८० च्या सुमारास या खेळाचा आद्य नियमकार वॉल्टर कॅम्प याच्या पुढाकाराने फळीरेषेचा (खेळ सुरू होताना दोन्ही संघांना वेगळे ठेवणाऱ्या रेषेचा) नियम आला आणि या जागा पक्क्या झाल्या. ‘रनिंग बॅक’ ही एकत्रित संज्ञा बऱ्याच नंतरची असून ती बहुधा १९६० नंतर रूढ झाली. हा तपशील येथे महत्त्वाचा आहे, कारण जुन्या ‘टी’ व्यूहात (इंग्रजी T च्या आकाराच्या मांडणीत) क्वार्टरबॅकच्या मागे तिघे धावणारे असत. चेंडू वाटून घेणे हाच मूळ रिवाज होता आणि एकाच खेळाडूवर सारा भार टाकण्याची पद्धत पुढे दृढ झाली. मायामी डॉल्फिन्सच्या १९७२ च्या अपराजित संघात लॅरी झोंका (१,११७ यार्ड) व मर्क्युरी मॉरिस (नेमके १,०००) या दोघांनी एकाच हंगामात धावून मिळविलेल्या अंतराचा हजार यार्डांचा टप्पा गाठला. लीगमध्ये असे प्रथमच घडले. वाटा कमी झाला म्हणजे दर्जा घसरला, हे समीकरण तेव्हाही खरे नव्हते.

धावण्याच्या खेळाला खरा धक्का १९७८ च्या नियमबदलांनी दिला. पास झेलणाऱ्यास पाच यार्डांपलीकडे अडविण्यास बंदी आली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पसरून, उघड्या पंजांनी अडविण्याची मुभा मिळाली. पास सोपा झाला, तसे रनिंग बॅकलाही झेल घेणे व क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्यास थोपविणे शिकावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉजर क्रेगने १९८५ मध्ये धावून १,०५० व झेलांवर १,०१६ यार्ड मिळविले. दोन्हींत हजार गाठणारा तो पहिला खेळाडू. तेव्हापासून केवळ धावांची (चेंडू घेऊन केलेल्या दौडींची) संख्या पाहून भूमिका मोजणे अपुरे ठरते. मैदानावरील स्नॅपांतील (चेंडू खेळात आणण्याच्या एकूण वेळांतील) हिस्सा, तिसऱ्या डाऊनवरील (दहा यार्ड मिळविण्यासाठीच्या चार संधींपैकी तिसऱ्या संधीवरील) उपस्थिती व पासच्या खेळातील सहभाग हे घटक अधिक बोलके आहेत.

सर्वांत रूढ माप म्हणजे प्रतिधाव सरासरी यार्ड. त्यात लाइनमनचे श्रेय धावणाऱ्याच्या खाती जमा होते आणि एखाददुसरी लांब धाव चित्र पालटवते. त्यास पर्याय म्हणून यशस्वी धावांचे प्रमाण काढतात : प्रचलित कसोटीनुसार पहिल्या डाऊनवर आवश्यक अंतराच्या सुमारे ४० टक्के, दुसऱ्यावर ६० टक्के व पुढे पूर्ण अंतर मिळाले तर धाव यशस्वी. अलीकडे खेळाडूंच्या खांदा-कवचात बसविलेल्या संवेदकांवरून अपेक्षित यार्डांचा अंदाज बांधून प्रत्यक्ष यार्डांशी तुलना केली जाते. धावणाऱ्याचा स्वतःचा वाटा वेगळा काढण्याचा हा आजवरचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न होय.

३७० धावांचा वाद. एका हंगामात ३७० किंवा अधिक वेळा चेंडू वाहणारा खेळाडू पुढील वर्षी जायबंदी होतो किंवा निस्तेज ठरतो, असा सिद्धांत २००० नंतरच्या दशकात मांडला गेला. उदाहरणे ठसठशीत आहेत. १९९८ मध्ये जमाल अँडरसनने ४१० व टेरेल डेव्हिसने ३९२ धावा केल्या. १९९९ च्या प्रारंभीच दोघांचेही गुडघे निकामी झाले. लॅरी जॉन्सन २००६ च्या विक्रमी ४१६ धावांनंतर पुढील वर्षी केवळ आठ सामने खेळला. उलट बाजूस एरिक डिकरसनने १९८३ मध्ये ३९० धावा केल्या आणि लगेच १९८४ मध्ये २,१०५ यार्डांचा विक्रम केला. एमिट स्मिथनेही १९९२ च्या ३७३ धावांनंतर पुढील वर्षी धावून मिळविलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिला क्रमांक राखला.

टीकाकारांचा आक्षेप असा की, इतक्या धावा करणारा खेळाडू त्या हंगामात निरोगी व यशस्वी होताच, म्हणूनच चेंडू त्याच्याकडे येत राहिला. पुढील वर्षी तो सरासरीकडे झुकणे हे संख्याशास्त्राला धरूनच आहे. शिवाय २००५ मध्ये शॉन अलेक्झांडरच्या धावा बरोबर ३७० होत्या व पुढल्याच वर्षी त्याच्या पायाचे हाड मोडले, त्यामुळे सीमारेषा उदाहरणांकडे पाहून आखल्याचा संशय राहतो. हंगामाच्या लांबीचा प्रश्नही उरतो. १६ सामन्यांत ३७० म्हणजे सामन्यामागे सुमारे २३ धावा. जिम ब्राउनने १९५९ मध्ये १२ सामन्यांत २९० आणि वॉल्टर पेटनने १९७७ मध्ये १४ सामन्यांत ३३९ धावा केल्या, म्हणजे दोघांनी सामन्यामागे २४ हून अधिक. तरी पुढील वर्षी दोघेही उत्तम खेळले. टीकाकारांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र शरीराची झीज होते, हे त्यांपैकी कोणी नाकारलेले नाही. वाद फक्त ठरावीक आकड्याचा आहे.

टॉड गर्ली याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. महाविद्यालयात असताना २०१४ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला व २०१८ मध्ये लॉस अँजेलिस रॅम्सने त्याच्याशी चार वर्षांचा, ५.७५ कोटी डॉलरचा करार केला. त्या हंगामात त्याने २५६ धावांत १,२५१ यार्ड मिळविले, परंतु गुडघ्यामुळे अखेरचे दोन सामने हुकले आणि डिसेंबरमध्ये आयत्या वेळी आणलेला सी. जे. अँडरसन त्याचा भागीदार झाला. अंतिम फेरी गाठून देणाऱ्या सामन्यात गर्लीच्या वाट्याला चार, तर अँडरसनच्या वाट्याला १६ धावा आल्या. २०१९ मध्ये गर्लीची सरासरी ४.९ वरून ३.८ वर आली. त्या वर्षी रॅम्सच्या फळीतील दोन अनुभवी लाइनमनही संघात नव्हते, म्हणून या आकड्याचा सारा दोष त्याच्यावर येत नाही. खरी खूण दुसरीकडे दिसते : त्याचे झेल ५९ वरून ३१ वर व झेलांवरील यार्ड ५८० वरून २०७ वर आले. संघ त्याला जपून वापरू लागला होता. मार्च २०२० मध्ये रॅम्सने त्याला मुक्त केले आणि अटलांटाकडून एक हंगाम खेळून वयाच्या २६ व्या वर्षी त्याची लीगमधील कारकीर्द संपली. इतक्या लवकर विझलेली एवढी मोठी गुणवत्ता या खेळाच्या इतिहासात चटका लावणारी आहे.

डॅलसच्या इझिकिएल एलियटबाबत तुलना अधिक सरळ वाटते. २०२२ मध्ये त्याच फळीमागे एलियटची सरासरी ३.८ व टोनी पोलार्डची ५.२ होती. मार्च २०२३ मध्ये एलियटला सोडण्यात आले. पण मुख्य भार पोलार्डवर येताच २०२३ मध्ये त्याची सरासरीही ४.० वर उतरली. पोलार्ड तेव्हा पायाच्या अस्थिभंगातून सावरत होता हे खरे. तरीही अडचणीच्या, एकदोन यार्डांच्या धावा ज्याच्या वाट्याला येतात त्याची सरासरी खालावतेच, हे यातून स्पष्ट होते.

आर्थिक बाजू थोडक्यात. लीगमधील नवोदितांचे करार चार वर्षांचे असतात आणि या स्थानावरील खेळाडूंची उमेदीची वर्षे बहुधा त्यातच सरतात. २०१३ व २०१४ च्या वार्षिक खेळाडू-निवडीत (संघांनी महाविद्यालयीन खेळाडू फेरीफेरीने निवडण्याच्या प्रक्रियेत) पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. २०२३ मध्ये पोलार्डसह साक्वॉन बार्कली व जोश जेकब्स यांना दीर्घ कराराऐवजी एका वर्षापुरते, सुमारे १.०१ कोटी डॉलरवर रोखून धरण्यात आले. पुढच्याच वर्षी बार्कलीने फिलाडेल्फियाकडून २,००५ यार्ड मिळविले, तर तिशीतल्या डेरिक हेन्रीने बॉल्टिमोरकडून १,९२१. संघ बदलताच ‘घटलेली’ भूमिका पुन्हा वाढू शकते, याची ही दोन ठळक उदाहरणे होत.

कॅनडातील खेळात तीनच डाऊन असल्याने पासवर भर अधिक असतो. तरीही तेथे माइक प्रिंगलने १९९८ मध्ये २,०६५ यार्ड मिळविले होते.