अज्ञाताचे भय (भयकथेतील)

ज्याचे रूप, हेतू किंवा प्रसंगी अस्तित्वही वाचकाला नीट कळू दिलेले नसते, त्याविषयी भयकथेत निर्माण केली जाणारी भीती. ओसाड वाडे, बंद खोल्या, विझत आलेला दिवा ही तिची सामग्री सर्वपरिचित आहे; वाद आहे तो कल्पनेच्या उगमाविषयी.

अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निबंधाच्या आरंभीच, भीती ही मानवाची सर्वांत जुनी व प्रबळ भावना असून तिच्यातही अज्ञाताची भीती सर्वांत जुनी व प्रबळ होय, असे म्हटले. हे वाक्य इतके उद्‌धृत झाले की कल्पनाच त्यांच्या नावावर जमा झाली. प्रत्यक्षात तिची मांडणी बरीच जुनी आहे. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये उदात्त व सुंदर यांवरील ग्रंथात, एखादी गोष्ट अत्यंत भयंकर वाटायची तर अस्पष्टता बहुधा लागतेच, असे प्रतिपादन करून इंग्रज कवी मिल्टनने केलेल्या मृत्यूच्या वर्णनाचा दाखला दिला : आकार म्हणावा तर आकार नाही, आणि डोके भासते तिथे मुकुटासारखे काहीतरी. इंग्रज कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांनी बर्क यांचा निर्देश करून धास्ती आणि किळसयुक्त भय यांत भेद केला; पहिलीने मन विस्तारते, दुसऱ्याने ते गोठते. हे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापले गेले. ते बहुधा १८०२ च्या सुमाराचे असावे. गंमत अशी, की त्यांच्याच १७९४ च्या कादंबरीत काळ्या पडद्यामागचे रहस्य शेवटी मेणाचा पुतळा निघते.

भारतीय रसचर्चेत भयानक रसाला आलंबन, म्हणजे जिच्यामुळे भय उपजते अशी व्यक्ती किंवा वस्तू, लागते. काश्मीरचे रसमीमांसक अभिनवगुप्त यांनी उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’तील हरणाचे : मान वळवून ते मागून येणाऱ्या रथाकडे पुनःपुन्हा पाहते. त्याला पाठलाग करणारा दिसतो. अज्ञाताच्या भयकथेत नेमकी हीच जागा रिकामी असते. त्यामुळे भयानक रसाची चौकट तिला जशीच्या तशी लागू पडत नाही.

मानसशास्त्रीय उपपत्तींतही एकमत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट येंच यांनी १९०६ मध्ये अशा अस्वस्थतेचे मूळ बौद्धिक अनिश्चिततेत शोधले. फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये ते अपुरे ठरवून, दडपलेले परिचितच परत येते, असा उलट निष्कर्ष काढला. साहित्यमीमांसक त्स्व्हेतान तोदोरोव्ह (१९७०) यांनी नैसर्गिक आणि अलौकिक या दोन स्पष्टीकरणांमधील घुटमळीवर भर दिला. हेन्री जेम्स यांच्या १८९८ च्या लघुकादंबरीसारख्या, भुते खरी की कथन करणाऱ्या शिक्षिकेचा भ्रम हे उघडे ठेवणाऱ्या कथांना येंच-तोदोरोव्ह हा मार्ग अधिक जवळचा वाटतो.

तंत्राच्या दृष्टीने डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची माकडाच्या पंजाची कथा (१९०२) अभ्यासनीय आहे. यंत्रात सापडून मेलेल्या मुलाला परत आणण्याची इच्छा मागितल्यावर रात्री दार ठोठावले जाते. आई खुर्चीवर चढून वरचा अडसर काढू पाहते, बाप जमिनीवर चाचपडत पंजा शोधतो आणि अखेरची इच्छा पुटपुटतो. दार उघडते, तेव्हा समोर दिव्याच्या उजेडातला निर्मनुष्य रस्ता. दाराबाहेर काय होते, हे कथा सांगत नाही. एम. आर. जेम्स थोडे दाखवतात : १९०४ च्या संग्रहातील एका कथेत रिकाम्या बिछान्यावरची चादर उठून बसते आणि तिला चुरगळलेल्या कापडाचा चेहरा असतो. १९२९ मध्ये त्यांनी भयकथाकारांना संयमाचा सल्ला दिला. लव्हक्राफ्ट मात्र ‘अवर्णनीय’ म्हणून पुष्कळदा पुढे सविस्तर वर्णन करतात.

फ्रेंच परंपरेत मोपासाँ यांच्या १८८७ च्या रोजनिशीरूप कथेत हे भय दिवसाढवळ्या परिचित घरात येते; अदृश्य काहीतरी मध्ये उभे राहिल्याने निवेदकाला लख्ख उजेडातल्या आरशात स्वतःचे प्रतिबिंबच दिसत नाही.