मोठा खेळाडू तोच मोठा कोच?

"मोठ्या लीगमध्ये गाजलेलाच आइस हॉकीचा चांगला कोच होतो," असा मेसेज फिरत असतो. पटण्यासारखा आहे, पण खरा नाही.

1960 च्या अमेरिकन ऑलिंपिक संघातून एक खेळाडू अगदी शेवटी वगळला गेला. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये तो कधी खेळलाच नाही. पुढे कोच म्हणून त्याने कॉलेज संघाला 1974, 1976 आणि 1979 ची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. 1980 मध्ये तर बहुतेक कॉलेजच्याच पोरांना घेऊन ऑलिंपिक सुवर्ण! उलट, त्याच मोठ्या लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवणारा खेळाडू कोच झाला, तेव्हा 4 हंगामांत संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही.

स्वतः गोल मारणं वेगळं, आणि जेमतेम मिनिटभराने खेळाडू बदलताना बर्फावर कोणाला उतरवायचं हे ठरवणं वेगळं.

पडताळायचंय? कोणत्याही कॉलेज संघाच्या वेबसाइटवर कोचची माहिती उघडा आणि असिस्टंट कोच म्हणून काढलेली वर्षं मोजा; कोचिंग तिथेच शिकलं जातं.