पिल्लाने कण्हेर खाल्ली? मीठ-पाणी पाजू नका

"काही खाल्लं तर मीठ-पाणी पाज, ओकून टाकेल." हा सल्ला आमच्या सोसायटीत आजही दिला जातो. नाहीतर दूध: "दुधाने विष उतरतं."

दोन्ही चूक. दूध विष मारत नाही. पिल्लाला उलट जुलाब होतात. मीठ त्याहून वाईट. दोन-तीन किलोच्या जिवाला चमचाभर मिठानेही रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की झटके येतात.

अर्थात प्रत्येक फुलाला घाबरायचं कारण नाही. जास्वंदीची पाकळी चघळली तर बहुधा काही होत नाही, फार तर पोट बिघडेल. कण्हेरीचं तसं नाही. महामार्गाच्या दुभाजकावर ती लावतात, कारण गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. फूल, पान, खोड, सगळंच विषारी, वाळलेलं पानसुद्धा. तिच्यातलं ओलिअँड्रिन हे विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तितकीच घातक.

मग करायचं काय? गालात अडकलेला चोथा बोटाने काढा, ओल्या फडक्याने तोंड पुसा आणि लगेच पशुवैद्याला फोन करा. लाळ गळेपर्यंत, ओकारी होईपर्यंत थांबू नका. लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. "गुलाबी फूल होतं" एवढ्यावरून डॉक्टरांना काय कळणार? किती वाजता खाल्लं आणि पिल्लाचं वजन किती, हेही सांगा. उलटी करवायची की कोळशाचं औषध द्यायचं, ते तेच ठरवतील.