धाग्यानेच नक्षी बदलली तर?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची खडखड अजून ऐकू येते. चादरीवरचा मोर कुठून येतो, हे पाहायचं तर मान वर करायची. मागाच्या डोक्यावर जकार्ड असतं. जुन्या मागांवर त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो आणि मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पळतो. धोट्यात लाल कांडी भरा, नाहीतर हिरवी. मोराचा हत्ती होत नाही. हुकूम पत्त्यात, माल धोट्यात.

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मात्र दोन्ही एकाच ओळीत येतात. समजा, चादरीच्या दुकानाची वेबसाइट डेटाबेसला सांगते: नाव = "___" असेल त्याच्या ऑर्डरी दाखव. मोकळ्या जागेत रमेश आला तर ठीक. पण कोणी रमेश" किंवा "१" = "१ असं लिहिलं, तर अवतरणचिन्ह मध्येच मिटतं आणि पुढचा मजकूर हुकुमात सामील होतो. एक बरोबर एक हे तर नेहमीच खरं, म्हणून सगळ्यांच्याच ऑर्डरी बाहेर! हेच एसक्यूएल इंजेक्शन. १९९८च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात हा प्रकार छापून आला होता.

उपाय जकार्डसारखाच: हुकुमात फक्त खुणा ठेवायच्या, माल वेगळा पाठवायचा. हे काम फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, करतं, म्हणून प्रोग्रामर निर्धास्त असतात. नेमकी तिथेच गोम आहे.

१५ ऑक्टोबर २०१४ला वेबसाइट बनवण्याच्या ‘ड्रुपल ७’ या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली, तीही इंजेक्शन रोखण्यासाठीच लिहिलेल्या भागात. यादी आली की ड्रुपल एका खुणेच्या अनेक खुणा करायचं: ग्राहक_०, ग्राहक_१. शेवटचे हे आकडे ते यादीच्या किल्ल्यांवरून, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या लेबलवरून घ्यायचं. पण पीएचपीत, म्हणजे ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय तिच्यात, फॉर्म भरणारा माणूस हवी ती किल्ली पाठवू शकतो, अगदी आकड्याच्या जागी अख्खा हुकूमसुद्धा. कांडी नीट तपासली, पण तिच्यावरची चिठ्ठी न वाचताच पत्त्यात ओवली. लॉगिन न करताही हल्ला शक्य होता. ७.३२ आवृत्तीतली दुरुस्ती मात्र जेमतेम एका ओळीची: आलेल्या किल्ल्या टाकून द्या, नंबर आपणच घाला.

ही चूक जुनी झाली म्हणावं, तर नोव्हेंबर २०२५मध्ये पायथॉन भाषेतल्या जँगो या फ्रेमवर्कमध्येही तिची चुलत बहीण सापडली. तिथे बाहेरून आलेला किल्ल्या-किमतींचा संच जसाच्या तसा शोधाला दिला, तर ‘_कनेक्टर’ नावाच्या किल्लीतून अटी जोडणारा शब्दच बदलता येत होता.

२०१४च्या त्या घोषणेनंतर दोन आठवड्यांनी ड्रुपलने बजावलं: घोषणेनंतर सात तासांत, म्हणजे आपल्याकडे १६ ऑक्टोबरच्या पहाटे साडेचारपर्यंत, दुरुस्ती केली नसेल तर साइट फोडली गेली आहे असंच धरा. आणि तुम्ही हात न लावताच ती दुरुस्त झालेली दिसली, तर जास्त घाबरा. काही हल्लेखोर आत शिरल्यावर स्वतःच भोक बुजवत होते, दुसरा कोणी मागून येऊ नये म्हणून.